सुकटीखालचा सम्राट

दिगू, तुझ्या शोकसभेत मी लोकांना हसवलं.

मला पाच मिनिटं दिली होती, मी पंचवीस घेतली. नाट्यमंडळाच्या हॉलमध्ये टेबलावर तुझा फोटो, फोटोला हार, आणि समोर रुमाल काढून तयारीत बसलेली माणसं. रडायला आलेली माणसं रडवणं फार सोपं असतं, त्यात मजा नाही. म्हणून मी त्यांना सुकटीची गोष्ट सांगितली. मागच्या रांगेतल्या दोघांना ठसका लागला. मंडळातला आपला इक्बाल तर खुर्चीवरून घसरला. तू मात्र फोटोतून तसाच बघत होतास. तालमीत मी चुकलो की बघायचास ना, ओठ मिटून, भुवया वर, तसा. तुझ्या घरच्यांना तुझा दुसरा फोटो सापडला नाही की तुझा दुसरा चेहराच नव्हता, कोण जाणे.

पण त्या गोष्टीचा एक तुकडा मी सभेत गाळला. अकरा वर्षं गाळत आलोय. तो आता सांगतो. तू उलट बोलू शकत नाहीस, यापेक्षा चांगली वेळ मला मिळायची नाही.

आधी तुझा तो सम्राट. माझ्या थोरल्या भावाने जहाजावरून येताना जपानच्या इतिहासाचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणलं, पाय लचकला होता तेव्हा बंदरात वेळ घालवायला घेतलेलं. आमच्या घरी ते दाराला अडसर म्हणून पडून होतं. तू एकदा चहाला आलास आणि आमचं दार कायमचं आपटायला लागलं.

"सुऱ्या, मला राजा सापडला," तू म्हणालास.

"आपल्याकडे आहे की एक. एवढा राजवाडा बांधून ठेवलाय त्याच्यासाठी."

"तो सगळ्यांचा आहे. प्रत्येक शाळेच्या गॅदरिंगला ब्रह्मदेशाचा राजा खिडकीत उभा राहून समुद्र बघतो. मला माझा हवाय."

तुझ्या त्या सम्राटाचं नाव तू मला सहा महिने घोटवलंस आणि मी सहा महिने मुद्दाम चुकीचं म्हणत राहिलो. इथेही लिहीत नाही. लिहीन ते चुकेल आणि तू तिकडे तिरडीवरून उठल्यासारखा उठशील. आठशे वर्षांपूर्वीचा माणूस. चार वर्षांचा असताना त्याला गादीवर बसवलं, तेही घाईत. राज्याभिषेकाला आरसा, रत्न आणि तलवार लागायची. आधीच्या पोरसवदा सम्राटाला घेऊन त्याचे लोक पळाले ते या वस्तूही घेऊन पळाले, आणि पुढे लढाईत तलवार समुद्रात बुडाली ती बुडालीच. म्हणजे हा बिनतलवारीचा सम्राट. मोठा झाल्यावर त्याने काय केलं? लोहारांना वाड्यात बोलावून स्वतः तलवारी घडवायला बसला. एकोणिसाव्या वर्षी गादी सोडली, चार वर्षांच्या मुलाला बसवलं आणि पडद्यामागून सगळा कारभार स्वतःच हाकला. त्यांच्यात तशी पद्धतच होती म्हणे. गादी सोडायची, सत्ता नाही.

हे वाचून तुला तो सम्राट का आवडला हे मला एका मिनिटात कळलं. तू दरवर्षी गुढीपाडव्याला मंडळाच्या बैठकीत उभा राहून म्हणायचास, "आता मी निवृत्त. दिग्दर्शन सुऱ्या करेल." टाळ्या पडायच्या. मग तू विंगेत स्टुलावर बसायचास, मांडीवर वही, हातात बॅटरी. नावाला प्रॉम्प्टर. पण कुणी कुठून यायचं, कुठे बसायचं, कुणी किती रडायचं, सगळं त्या स्टुलावरून. जाहिरातीत दिग्दर्शक म्हणून माझं नाव छापलं जायचं आणि मी तुला विचारून शिंकायचो.

प्रॉम्प्टर म्हणून तू जिल्ह्यात एक नंबर होतास, हे तू जिवंत असताना मी कधी कबूल केलं नाही. वाक्य पूर्ण वाचायचा नाहीस. पहिले दोन शब्द फेकायचास, तेही ओठ न हलवता, आणि ते नेमके ज्याचे त्याच्याच कानात जायचे. कोण विसरलंय आणि कोण नुसता थांबलाय, हे तू कसं ओळखायचास ते तू फक्त मला सांगितलंस, आणि सांगून फसलास.

"टाच बघायची. विसरलेल्या माणसाची टाच उचलली जाते. आपोआप. पळायला बघते ती. जो ठरवून थांबतो त्याची टाच जमिनीला टेकलेली असते."

आणि मग सगळ्यांच्या देखत म्हणालास, "हा सुऱ्या बघा. हा अख्खा प्रयोग चवड्यांवर करतो."

मेल्या, तेवढ्यावर थांबला असतास तर चाललं असतं. दुसऱ्या दिवशी तू घुंगरू आणलंस. एकच. लाल दोऱ्यात ओवलेलं. वाकून माझ्या उजव्या टाचेला बांधलंस, देवळात पुजारी बांधतो तेवढ्या प्रेमाने. मी एसटी स्टँडवर माईकवर गाड्या पुकारणारा माणूस. "लांजा, राजापूरमार्गे" म्हणताना माझी जीभ आयुष्यात अडखळली नाही. तो मी महिनाभर तालमीत छुमछुम वाजत होतो. वाक्य गेलं की छुम. बायका तोंडाला पदर लावायच्या. इक्बाल, ज्याची मिरकरवाड्याच्या बंदरात मासेमारीची बोट आहे आणि ज्याला तू पहारेकऱ्याचं काम दिलं होतंस, तो भाल्याला टेकून म्हणायचा, "दिगूभाई, बकरी आली हो आपली!"

मी तेव्हाच ठरवलं. प्रयोगात घुंगरू नसेल, पण माझी टाच एकदाही उचलली जाणार नाही. खिळा ठोकल्यासारखी ठेवीन. बघ तू.

इथून पुढचं लोकांना माहीत आहे, तुला तर पाठच आहे. शेवटचा अंक. सम्राट लष्करी सरदारांशी लढायला गेला आणि महिन्याभरात हरला. त्याला एका वाऱ्यावरच्या बेटावर नेऊन टाकलं. अठरा वर्षं तो तिथे होता. डोकं भादरलं, कवितांचा मोठा संग्रह करून घेतला होता तो जवळ ठेवला, आणि त्यातल्या एकेक कविता गाळत बसला. तिथेच मेला. तू त्या बेटावर कोळ्याची झोपडी उभी केली होतीस आणि इक्बालकडून सुकटीची दहा खरी पोती आणवली होतीस.

"खोटी चालतील की. भुसा भरू," मी म्हणालो.

"वास पहिल्या रांगेपर्यंत गेला पाहिजे. राजधानी सोडून आलेल्या माणसाला पहिलं काय कळतं? वास."

आणि चहाच्या वेळी, त्याच पोत्यांवर बसून, तू आम्हाला दुसऱ्या एका सम्राटाची गोष्ट सांगितलीस. याच्यानंतर शंभर वर्षांनी, त्याच बेटावर धाडलेला. तो मात्र पळाला. होडीत सुक्या मासळीच्या पोत्यांखाली लपून. पाठलाग करणारे होडीत चढले, पोत्यांवरून चालले, खाली सम्राट श्वास धरून. इक्बालला ही गोष्ट इतकी आवडली की त्याने तीनदा सांगायला लावली. "हा राजा घ्या ना दिगूभाई! तो मरणारा कशाला?" तू म्हणालास, "पळणाऱ्याचं नाटक कोणीही लिहील."

मग स्पर्धेचा प्रयोग. हॉल भरलेला. मी गुडघ्यांवरून उठलो, समुद्राकडे म्हणजे प्रेक्षकांकडे वळलो आणि शेवटच्या दोन पानी भाषणाचं पहिलं वाक्य म्हणालो.

"आज होडी आली नाही."

आणि पुढचं गेलं.

दिगू, नुसतं गेलं नाही. पुसलं गेलं. दोन पानं कोरी. गाड्यांची नावं आठवत होती, आईचं माहेर आठवत होतं, तुझं वाक्य नाही. आणि टाच? टाच मी जमिनीत गाडून उभा होतो. महिन्याभराच्या अपमानाचा सगळा जोर त्या टाचेत होता. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून विंगेत बघितलं. तू माझ्या पायाकडे बघत होतास. मग माझ्या तोंडाकडे. मग तू वही मिटलीस. बॅटरी विझवलीस. आणि स्टुलावर मागे टेकून बसलास, हात मांडीवर ठेवून.

मला वाटलं, हरामखोराने मला मारलं. भर स्पर्धेत, ठरवून, उघडा पाडला.

हॉल इतका शांत होता की पंख्याचा आवाज येत होता. पहिल्या रांगेतली एक बाई डोळे पुसत होती, हे मी नंतर आठवून आठवून शोधलंय. तेव्हा मला फक्त पोती दिसली. मी इक्बालकडे वळलो आणि म्हणालो, "पहारेकऱ्या, पोतं उचल."

इक्बालचे डोळे चमकले. त्या माणसाने आयुष्यात एवढ्या चपळाईने कुठली सूचना पाळली नसेल. मी आडवा झालो, त्याने माझ्यावर दोन पोती टाकली, तिसऱ्यावर स्वतः बसला आणि रिकाम्या विंगेकडे बघून ओरडला, "काय न्हाय साहेब, सुकट हाय! ताजी!"

हॉल कोसळला. पडदा पडेपर्यंत लोक शिट्या मारत होते. पोत्याखाली मी हसत होतो, नाकात सुकट गेली होती. तुझ्या सम्राटाची अठरा वर्षं मी दीड मिनिटात उडवली. परीक्षकांनी मला उत्कृष्ट विनोदी अभिनयाचं प्रमाणपत्र दिलं. नाटकाला काही नाही. तुला काही नाही. मी ते प्रमाणपत्र फ्रेम करून बाहेरच्या खोलीत लावलं, बरोब्बर तिथे, जिथे तू चहाला बसायचास.

तू दुसऱ्या दिवशी चहाला आलास, फ्रेम बघितलीस, म्हणालास, "वाकडी लागलीय," आणि सरळ केलीस. पुन्हा नाटक बसवलं नाहीस. यावेळी खरोखरच निवृत्त झालास. मला वाटलं, हा खेळतोय. मग मीही खेळलो. दरवर्षी तुझ्या वाढदिवसाला पाव किलो सुकट कागदात बांधून पाठवली. माझ्या वडिलांना अग्नी देताना भटजींच्या मागोमाग म्हणायचे शब्द माझ्या घशात अडकले, तेव्हा तू माझ्या मागे उभा राहून कानात म्हणालास, "टाच." स्मशानात, दिगू! मला त्या दिवशी तुझा खून करावासा वाटला. आणि शब्दही तूच दिलेस, पहिले दोन. तेवढ्यावर मी पुढचं सगळं म्हटलं.

गेल्या महिन्यात तू मला बोलावून घेतलंस. पलंगावर तू उरला होतास तेवढा. बोललास मात्र तसाच, जमिनीवर पाय रोवून.

"सुऱ्या, एक विचारायचंय. 'आज होडी आली नाही' म्हणून थांबलास. किती थांबलास माहीत आहे? मी आयुष्यात कुणाला असं थांबताना बघितलं नाही. टाच टेकलेली. मी म्हटलं, याला सापडलं. आता याला माझी गरज नाही. म्हणून वही मिटली. सन्मान म्हणून मिटली रे." मग बराच वेळ श्वास घेतलास. "एवढं कमावलंस आणि मग ती पोती का काढलीस? मुद्दाम?"

अकरा वर्षं मी समजत होतो की तू मला मारलंस. आणि तू समजत होतास की मी तुला.

मला फक्त एवढं म्हणायचं होतं, "दिगू, मी विसरलो होतो." चार शब्द. तुझ्या दोन पानांपेक्षा सोपे. पण ते म्हटले तर तुझ्या डोळ्यांतलं ते थांबणं गेलं असतं. तुझ्या डोळ्यांत, त्या दीडदोन मिनिटांपुरता, मी जिल्ह्यातला सर्वांत मोठा नट होतो. ते मला सोडवेना. मला नीच म्हणवून घ्यायला चाललं, पण विसरभोळा नट म्हणवून घ्यायला नाही.

मी म्हणालो, "मुद्दाम."

तू मान हलवलीस. भिंतीकडे वळलास. चार दिवसांनी गेलास.

तर हा तो गाळलेला तुकडा. सभेत मी तो सांगितला नाही, कारण तिथे लोक हसत होते, आणि लोक हसत असताना मी खरं बोलू शकत नाही. हा माझा आजार तुला माहीत होता.

सभेनंतर मंडळाने ठरवलं की तुझ्या स्मरणार्थ तुझं नाटक पुन्हा करायचं. सम्राट मीच. इक्बाल म्हणाला, "पोती माझी. फुकट. पब्लिक त्याच्यासाठीच येणार." आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. तुझी श्रद्धांजली सुकटीच्या शेवटाने व्हायची, असं एकमताने ठरलं, दिगू. विरोध करणारा एकच माणूस होता, तो फोटोत होता.

काल तेराव्याचं जेवण झाल्यावर तुझ्या बायकोने, मंदावहिनींनी, मला तुझी प्रॉम्प्टची वही आणून दिली. मी शेवटचा अंक उघडला. तू त्यातून वाक्यं गाळत बसला होतास. अकरा वर्षं. वेगवेगळ्या शाईने, काही पेन्सिलीने, काही पट्टी ठेवून. तुझा तो बेटावरचा राजा बसला होता तसाच. दोन पानी भाषणातून उरलं होतं ते एवढंच:

*आज होडी आली नाही.*

*(सम्राट थांबतो. सुऱ्या थांबला होता तसा.)*

*बरं झालं. आली असती तर उठावं लागलं असतं.*

बस. अरे मेल्या, एवढंच असतं तर मीही विसरलो नसतो!

कंसातली ओळ मात्र तू खोडली नव्हतीस. त्या ओळीभोवती सगळं खोडलं होतंस. माझ्या डोक्यातल्या भोकाला तू नाटकाचं शिखर करून ठेवलंस आणि मला कळवलंही नाहीस. तुझ्याइतकी क्रूर माणसं फार नसतील.

मग मी वहिनींना सांगितलं. तुला सांगायला हवं होतं ते. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून, मान खाली घालून. "वहिनी, मी त्या दिवशी मुद्दाम काही केलं नव्हतं. मी विसरलो होतो."

वहिनी हातातलं पातेलं घासत होत्या. घासायच्या थांबल्या.

"विसरलात?"

"हो."

"नुसते विसरलात?"

"हो."

"भावोजी, अकरा वर्षं या घरात सुकट शिजली नाही. मी करायला घेतली की हे घराबाहेर जाऊन बसायचे. तुम्ही वाढदिवसाला पाठवायचात ती मी मांजराला घालायची, आणि मांजर खाताना बघत बसायची. मला किती आवडते तुम्हाला ठाऊक आहे? कांदा घालून, वर कोकम टाकून? त्या दिवशी हॉलमध्ये पहिली मी हसले होते, हे यांना कळलं होतं. त्याचं मी अकरा वर्षं मनाला लावून घेतलं. आणि तुम्ही म्हणता, विसरलात!"

मला वाटलं आता पातेलं डोक्यात येतंय. आलं नाही. त्या हसल्या. मग रडल्या. मग पुन्हा घासायला लागल्या, जोराने. मग मागे न बघता म्हणाल्या, "विंगेत कोण बसणार आता?"

"माहीत नाही."

"मी बसते. मला वाचता येतं. कधी शब्द द्यायचा तेवढं सांगा."

मी त्यांना टाच सांगितली. तुझी एकुलती एक गुपित विद्या मी तुझ्या बायकोला तुझ्या तेराव्याला दिली. राग मानू नकोस. नाहीतर मान, मला काय.

पोती रंगमंचावर राहतील, कारण वास पहिल्या रांगेपर्यंत गेला पाहिजे. इक्बालला बजावलंय, हात लावलास तर भाला मोडीन. तो म्हणाला, "पब्लिक मारील रे तुला." मारू दे. लोक "सुकट, सुकट" म्हणून ओरडतील हे मला माहीत आहे, आणि मी स्वतःला ओळखतो, ओरडा ऐकला की माझे हात पोत्याकडे जातात. म्हणून एक बंदोबस्त केलाय.

वहीच्या मागच्या कव्हरात एक पाकीट होतं. त्यात ते घुंगरू निघालं. दोरा विटलाय, आवाज तसाच आहे.

उद्यापासून तालीम. ते मी उजव्या टाचेला बांधणार आहे, आणि प्रयोगातही सोडणार नाही. तुझ्या कंसापाशी मी थांबेन. ठरवून थांबलो असेन तर हॉलमध्ये काही ऐकू येणार नाही. विसरलो असेन, किंवा पोत्याकडे वळलो, तर शेवटच्या रांगेपर्यंत सगळ्यांना ऐकू जाईल.

हे तुझ्याच ओटीवर बसून लिहितोय. वहिनींनी चुलीवर तवा ठेवलाय. वास येतोय.